जनसुनावणी नसलेला प्रकल्प: खान्देशातल्या एका गावाने डेटा सेंटरचा प्रश्न विधिमंडळापर्यंत कसा नेला

हे प्रकरण खान्देशातल्या एका गावाचं आणि त्याच्या शेजारी येणाऱ्या डेटा सेंटरचं आहे. डेटा सेंटर म्हणजे माहिती साठवणारे आणि हाताळणारे सर्व्हर (मोठे संगणक) जिथे रात्रंदिवस चालतात ती इमारत. तालुका, औद्योगिक क्षेत्र, कंपनी आणि लोकप्रतिनिधी यांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. प्रकल्पाचा आकारही बदलून, हिशेबाच्या सोयीसाठी, १० मेगावॅट धरला आहे. कायदे, निकष आणि त्यांवरची आकडेमोड मात्र जशीच्या तशी आहे. या प्रश्नावर गावात जमलेल्या गटाच्या कामातली आरोग्याची बाजू मी जवळून पाहिली, त्यामुळे जागोजागी माझं मतही येईल.

पार्श्वभूमी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आहेत. साक्रीच्या माळावर पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत, भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. जमीन, रस्ता, वीज आणि पाणी एकाच पट्ट्यात मिळतंय म्हटल्यावर मोठे उद्योग इकडे चौकशी करणारच. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा आजही मुंबई-नवी मुंबईत आहे. पण केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ मेगावॅट आणि त्यावरच्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना सवलती मिळाल्या, आणि महानगराबाहेरच्या जागांचीही विचारणा सुरू झाली.

आपलं गाव औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाला लागून आहे. कापूस, मका, रब्बीला दादर ज्वारी, ज्याच्या विहिरीला पाणी त्याची केळी किंवा पपई. नळ योजना आहे, पण मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. प्रकल्पाची बातमी ग्रामपंचायतीला पत्राने कळली नाही. नव्या वीजवाहिनीची मोजणी करणारी माणसं शेतात उतरली, तेव्हा कळली.

त्यातून एक छोटा गट जमला. औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, त्यांना सगळे नाना म्हणतात. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर ताई. केळी लावणारे आबा. गावच्या आशा ताई, एक तरुण ग्रामपंचायत सदस्य आणि तालुका न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ. संस्था नोंदलेली नव्हती, पावती पुस्तक नव्हतं. पुढे आमदारांकडे जाताना याचा फायदाच झाला, कारण गटामागे कोणाचा पैसा आहे, असा संशय कोणी घेतला नाही.

नेमका प्रश्न

गटाची सुरुवातीची कल्पना अशी होती की प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागेल, जनसुनावणी होईल आणि तिथे आपल्याला बोलता येईल. वकिलांनी २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना काढून वाचली आणि ही वाट बंद असल्याचं लक्षात आलं. मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या तिच्या यादीत डेटा सेंटर असा वेगळा प्रकार नाही. ते इमारत म्हणून मोजलं जातं. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बाब ८ खाली मंजुरी लागते, त्याखाली लागतच नाही. इथल्या पहिल्या टप्प्याचं बांधकाम या मर्यादेच्या आत होतं. मर्यादा ओलांडली असती तरी बाब ८ च्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे.

म्हणजे रात्रंदिवस चालणारी, जनरेटरची रांग आणि डिझेलच्या टाक्या बाळगणारी इमारत कायद्याने निवासी संकुलाच्या रांगेत बसवली आहे. मग उरतात ती जल कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ खालची प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं. त्यांच्या अटी मंडळ आणि कंपनी यांच्यात ठरतात. शेजारच्या गावाने त्यात कधी आणि कुठे बोलायचं, याची सोय नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. लोकांनी विचारायचं, शासनाने उत्तर द्यायचं आणि ते उत्तर छापून राहायचं, असा एकच मंच गावाच्या आवाक्यात उरला होता, तो म्हणजे विधिमंडळ. आमदारांकडे जायचं ते त्यांनी प्रकल्प थांबवावा म्हणून, की त्यांनी हा प्रश्न नोंदीवर आणावा म्हणून? यावर गटात बराच वाद झाला आणि पुढचे सगळे निर्णय त्या वादातून निघाले.

आरोग्याचा मुद्दा कसा घडवला

सर्वांत आधी काय म्हणायचं नाही, ते ठरवावं लागलं. गावात मोबाइलवर एक मजकूर फिरत होता: डेटा सेंटरच्या रेडिएशनमुळे गर्भपात होतात, केळीचे घड वाळतात. डॉक्टर ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की याला आधार नाही आणि हे वाक्य आपल्या कागदावर आलं तर बाकीचा कागद कोणी वाचणार नाही. काही जण नाराज झाले. ‘लोक भीतीनेच एकत्र येतात’ असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मोडून काढणं सोपं नव्हतं, कारण त्या मजकुरामुळेच सभेला गर्दी जमत होती. तरी रेडिएशनचा मुद्दा कागदातून पूर्ण वगळला. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो.

मग पाण्याचा हिशेब झाला. सर्व्हरला मिळालेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनाने काढायची तर एका युनिटमागे साधारण दीड लिटर पाणी उडून जातं. घरचा वाळ्याचा कूलर ज्यांनी वापरला आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही: हवा जितकी कोरडी आणि तापलेली, तितकी टाकी लवकर रिकामी. १० मेगावॅटचे सर्व्हर पूर्ण भाराने चालले तर दिवसाला २,४०,००० युनिट, म्हणजे सुमारे ३,६०,००० लिटर पाणी हवेत उडून जातं. क्षार साठू नयेत म्हणून टाकीतून सोडावं लागणारं पाणी त्याशिवाय. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने हे साडेसहा हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी झालं.

हा आकडा सभेत ऐकल्यावर एक आजी उठून म्हणाल्या, “उन्हायामा आमले प्यावाले पानी नही, मंग त्यासना मशीनले कथाईन देतीन?” (उन्हाळ्यात आम्हाला प्यायला पाणी नाही, मग त्यांच्या मशीनला कुठून देतील?)

पण आबांनी दुसऱ्या दिवशी आपला हिशेब आणला. ठिबकवर केळीच्या एका झाडाला मे महिन्यात रोज साधारण २० लिटर लागतं. ३,६०,००० लिटरमध्ये १८,००० झाडं भिजतात. दीड मीटर बाय दीड मीटर लागवडीत एवढी झाडं दहा एकरांत बसतात. म्हणजे ज्या पाण्यावर आपण ओरडतोय, तेवढं पाणी गावातले दोन-तीन बागायतदार मिळून वापरतात. हा आकडा लपवावा असं काहींना वाटलं. आबांचं म्हणणं वेगळं होतं. आमदारांच्या आसपास निम्मे लोक शेतकरी, त्यातला कोणीही हा हिशेब दोन मिनिटांत करील, मग आपण खोटे ठरू.

या एका आक्षेपाने मागणीचं रूपच बदललं. किती पाणी यापेक्षा कोणतं पाणी आणि कोणत्या महिन्यात, हा खरा मुद्दा ठरला. बाष्पीभवनावर चालणाऱ्या यंत्रणेची तहान सर्वांत जास्त असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच धरणं तळाला असतात, पारा ४५ च्या पुढे जातो, प्यायचं पाणी टँकरने येतं. शेतकरी टंचाईत बागेची आशा सोडतो. सर्व्हरना तसं बंद ठेवता येत नाही. औद्योगिक क्षेत्राची योजना आणि गावाची नळ योजना एकाच स्रोतावर असतील तर टंचाईत कोणाचा नळ आधी बंद होणार? राज्याने २०११ मध्ये पाणीवाटपाचा क्रम पिणं, शेती, मग उद्योग असा केला आहे. त्या क्रमाची अंमलबजावणी या स्रोतावर कशी होणार, हे विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क होता. टंचाईतल्या पाण्याचा आरोग्याशी संबंध डॉक्टर ताईंनी दवाखान्यातल्या अनुभवावरून जोडला: साठवलेल्या पाण्याने होणारे जुलाब, मे महिन्यात कमी पाणी पिऊन काम करणाऱ्या बायकांचा मूत्रमार्गाचा संसर्ग, उष्माघात.

आवाजाच्या मुद्द्याकडे सुरुवातीला कोणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि तोच पुढे सर्वांत पक्का निघाला. थंड करणाऱ्या यंत्रणेचे पंखे आणि चिलर चोवीस तास घुमतात. खान्देशात उन्हाळ्यात माणूस घरात झोपत नाही, धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) किंवा अंगणात झोपतो, त्यामुळे भिंतीचा आडोसाही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रात्रीचा बाहेरचा आवाज ४० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. झोपमोड आणि वाढणारा रक्तदाब यांचा संबंध डॉक्टरांना नवा नाही. आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ आणि औद्योगिक भागासाठी रात्री ७० डेसिबल अशी मर्यादा आहे. कुंपणाच्या अलीकडे एक आकडा, पलीकडे दुसरा. मापक कुठे उभा करायचा, यावर सगळं ठरतं. कंपनीच्या हद्दीत मोजलं तर ६५ डेसिबलही नियमात बसतं, आणि त्याच रात्री समोरच्या धाब्यावर झोपणाऱ्याला मर्यादेपेक्षा जास्त आवाज ऐकू येत असू शकतो.

डिझेलबद्दल गट जपून बोलला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला, हे खरं. पण हे जनरेटर वीज गेल्यावर आणि चाचणीपुरते चालतात. वर्षाचे तास किती होतील ते वीजपुरवठ्यावर अवलंबून. आपल्याकडे वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात तेव्हा ते तास वाढू शकतात, एवढंच म्हणता येत होतं. ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना १ जुलै २०२३ पासून कडक निकष आहेत. डेटा सेंटरमधली इंजिनं बहुतेकदा त्याहून मोठी असतात आणि त्यांना २००२ चे जुने निकष लागतात. म्हणून ‘कर्करोग होईल’ असं लिहायचं नाही. किती जनरेटर, किती तास, चाचणी कोणत्या वेळी, एवढंच विचारायचं.

नानांचा आक्षेप

पाण्याचा मुद्दा ठरल्यावर सगळ्यांना सोपा उपाय दिसला: बाष्पीभवन नको, हवेने थंड होणारी बंद यंत्रणा लावा अशी मागणी करू. नानांनी थांबवलं. ४५ अंशांच्या हवेत तशी यंत्रणा चालवायला जास्त वीज लागते. समजा २ मेगावॅट जास्त लागली, म्हणजे दिवसाला ४८,००० युनिट. ती कोळशावर बनली तर औष्णिक केंद्राच्या कमाल मर्यादेनुसार युनिटमागे ३.५ लिटर, म्हणजे १,६८,००० लिटरपर्यंत पाणी तिकडे जाईल. त्याशिवाय रोजचा ३० टनांवर कोळसा आणि त्यातून निघणारी दहा-बारा टन राख. “आपल्या गावचं पाणी वाचवून आपण राख दुसऱ्याच्या अंगणात टाकतोय, हे मला चालणार नाही,” असं ते म्हणाले. त्यांनी नोकरी राखेच्या तळ्याशेजारी केली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

यावर एकमत झालं नाही. तरुण सदस्याचं म्हणणं होतं की आपण आपल्या गावापुरतं बोलावं. शेवटी तंत्रज्ञान कोणतं वापरावं, ही मागणीच सोडून दिली. त्याऐवजी दोन गोष्टी मागायच्या ठरल्या: थंड करण्यासाठी पिण्यायोग्य पाणी वापरू नये, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं, आणि पाणी, वीज व जनरेटरचे तास यांचा महिनावार हिशेब जाहीर करावा. मला आजही नानांचा आक्षेप बरोबर वाटतो आणि मागणीत वाढीव वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यावी, असं एक वाक्य यायला हवं होतं असं वाटतं. वीज ज्या जाळ्यातून येते ते सगळ्यांचं एकच आहे.

कोणते मार्ग समोर होते

सरळ विरोधाचं आंदोलन हा एक मार्ग होता. आयटीआय झालेल्या मुलांनी तो हाणून पाडला. त्यांना काम हवं होतं. बांधकाम संपल्यावर डेटा सेंटरमध्ये थोडीच माणसं लागतात हे त्यांना समजावलं, पण “थोडी म्हणजे शून्य नाही” या उत्तराला गटाकडे उत्तर नव्हतं. गाव दुभंगलं असतं तर आमदारांनी दोन्ही बाजूंना गोड बोलून हात काढून घेतला असता.

पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे जाता आलं असतं. वकिलांचं मत पडलं की अजून काही उभं नाही, नुकसान दाखवता येत नाही आणि खर्च झेपणार नाही. तो मार्ग राखून ठेवला.

खासदारांकडे जाण्यात अर्थ होता, कारण २००६ ची अधिसूचना केंद्राची आहे. खान्देशात जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार असे लोकसभेचे चार मतदारसंघ. पण संमतीपत्राच्या अटी, औद्योगिक क्षेत्राचं पाणी, आवाजाची मोजणी हे सगळं राज्याच्या हातात. म्हणून आमदार आधी, खासदार नंतर असा क्रम लागला.

आमदारांतही कोण? स्थानिक आमदार सत्ताधारी पक्षाचे होते. विरोधी बाकावरचा सदस्य जोरात बोलेल, असं काहींना वाटत होतं. त्यात धोका असा की प्रश्न पक्षाचा होतो, शासन बचावाच्या पवित्र्यात जातं आणि स्थानिक आमदार दुखावतात. गटाने एकच कागद स्थानिक आमदारांना आणि विधान परिषदेच्या एका सदस्याला दिला. नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत खान्देशाचे तिन्ही जिल्हे येतात, त्यामुळे परिषदेत विचारणाराही आपलाच प्रतिनिधी असतो. दोघांनाही सांगितलं की दुसऱ्यालाही दिला आहे. हे लपवलं असतं तर कधी ना कधी कळलं असतं आणि दोन्ही दरवाजे बंद झाले असते.

काय केलं

ग्रामसभेत ठराव झाला. त्यात विरोध नव्हता, माहितीची मागणी आणि तीन अटी होत्या. ठराव ज्या भाषेत लिहिला, तीच भाषा पुढे प्रत्येक कागदावर ठेवली.

माहिती अधिकारात औद्योगिक क्षेत्राच्या पाण्याचा स्रोत आणि मंजूर कोटा मागवला. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. त्या नोंदी घेतल्या. आशा ताईंनी उपकेंद्राच्या मदतीने नावं न लिहिता, वयोगटाप्रमाणे रक्तदाबाच्या नोंदी आणि झोपेविषयीचे दोन-तीन प्रश्न असलेली वही सुरू केली. प्रकल्प सुरू होण्याआधी गाव कसं होतं हे आज लिहिलं नाही, तर पुढे आजार प्रकल्पामुळे वाढला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने ध्वनिमापक दिला आणि दोन विद्यार्थी सोबत पाठवले.

आमदारांच्या स्वीय सहायकांनी पहिल्याच भेटीत फाईल परत केली. “साहेब वाचतील असा एक कागद द्या, आणि साहेबांनी सभागृहात काय विचारायचं तेच लिहा.” हा सल्ला सोन्यासारखा होता. तोवर गटाच्या कागदात जगभरची माहिती होती. ती काढून टाकली आणि एकच परदेशी उदाहरण ठेवलं: अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातलं द डॅल्स शहर. तिथल्या गूगलच्या डेटा सेंटरांचा पाणीवापर व्यापारी गुपित म्हणून उघड करायचा नाही, यासाठी नगर प्रशासन एका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेलं होतं. २०२२ मध्ये आकडे बाहेर आले तेव्हा शहराच्या एकूण वापराच्या एक चतुर्थांशाहून जास्त पाणी तिथे जात असल्याचं दिसलं. हिशेब आधीच जाहीर करा ही मागणी का, हे सांगायला तेवढं पुरेसं होतं.

उरलेला कागद विधिमंडळाच्या प्रश्नाच्या साच्यात लिहिला: हे खरे आहे काय, असल्यास, नसल्यास. या साच्यात लिहिताना गटाला एक गोष्ट उमगली. ज्याला ‘होय’, ‘नाही’ किंवा आकडा हेच उत्तर येऊ शकतं, तोच प्रश्न कामाचा. ‘आरोग्यावर परिणाम होणार आहे काय’ असं विचारलं की ‘हे खरे नाही’ एवढं उत्तर येतं आणि पुढचे सगळे उपप्रश्न ‘प्रश्न उद्भवत नाही’ यात संपतात. ‘ध्वनिपातळी गावातल्या घरांपाशी मोजली जाणार आहे काय’ याला असं संपवता येत नाही.

आमदारांशी प्रत्यक्ष भेट झाली ती त्यांच्या तालुक्यातल्या कार्यालयात, इतर पन्नास कामांच्या गर्दीत. बोलायला आशा ताईंना पुढे केलं होतं. त्यांनी वही उघडून दाखवली आणि म्हणाल्या, “साहेब, हे आजचं गाव आहे. दोन वर्षांनी पुन्हा मोजू. तेव्हा काही वाढलेलं निघालं तर तुम्हीच सांगा, कोणाकडे जायचं.” आमदारांनी वही बराच वेळ पाहिली. मग विचारलं, “तुम्हाला प्रकल्प नको आहे का?” डॉक्टर ताई म्हणाल्या, “साहेब, आम्हाला झोप आणि पाणी हवं आहे. ते राखून येत असेल तर येऊ द्या.” त्यांनी कागद ठेवून घेतला.

काय झालं

तारांकित प्रश्न दाखल झाला. प्रश्नोत्तराच्या तासात त्याची पाळी आली नाही. यादीतले वरचे थोडेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर येतात. परिषदेतली लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली नाही. उपप्रश्न विचारण्याची संधी हुकल्याने गटात निराशा आली.

पण लेखी उत्तरात तीन गोष्टी छापून आल्या. पाणी औद्योगिक क्षेत्राच्या मंजूर कोट्यातूनच दिलं जाईल. जनरेटरची चाचणी दिवसाच घेण्याची अट घातली जाईल. आणि थंड करण्यासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी ‘उपलब्ध झाल्यास’ वापरलं जाईल. आवाजाची मोजणी कुठे, यावर उत्तरात नियमांचा उल्लेख होता, जागेचा नव्हता.

ते उत्तर हातात घेऊन आमदारांनी जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक लावली. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम तिथे झालं. छापील उत्तर समोर असल्यामुळे कोणी ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणू शकलं नाही. मंडळाच्या संमतीपत्रात ध्वनिमोजणीची एक जागा गावाच्या बाजूच्या पहिल्या घरांपाशी धरली गेली, जनरेटरच्या वेळेची अट आली आणि त्यांच्या तासांची नोंदवही ठेवण्याची अट आली. कंपनीच्या माणसांनीही त्या बैठकीत नीट ऐकून घेतलं, हे नोंदवायला हवं.

महिनावार पाण्याचा हिशेब जाहीर करण्याची मागणी मान्य झाली नाही. सांडपाण्याची अट ‘उपलब्ध झाल्यास’ या शब्दांसह राहिली. जवळच्या शहरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र पूर्ण क्षमतेने चालत नाही, तोवर त्या अटीचा गावाला उपयोग नाही. खासदारांमार्फत केंद्राकडे गेलेल्या पत्राला, डेटा सेंटरसाठी वेगळी बाब करण्याचा विषय तपासला जाईल, एवढी पोच आली.

काय वेगळं करता आलं असतं

वेळ ही सर्वांत मोठी उणीव. गट कामाला लागला तेव्हा भूखंडाचं वाटप झालं होतं. औद्योगिक क्षेत्राजवळच्या कोणत्याही गावाने वीजवाहिनीची मोजणी होईपर्यंत थांबू नये. दर काही महिन्यांनी नव्या भूखंड वाटपाची माहिती मागवत राहावं. वाटपापूर्वी अट घालणं आणि नंतर घालणं यांत फार अंतर आहे.

ध्वनीची आधारनोंद डिसेंबरात झाली, कारण विद्यार्थ्यांना तेव्हा सवड होती. पण लोक बाहेर झोपतात ते एप्रिल ते जून. त्या महिन्यांत घरोघरी कूलर सुरू असतात, त्यामुळे मूळचा आवाजही वेगळा असतो. पुढे तुलना करताना यावर बोट ठेवलं जाईल. उन्हाळ्याच्या रात्रींची मोजणी आता चालू आहे.

बायका बैठकींना उशिरा आल्या. पाणी भरणाऱ्या, टँकरची वाट पाहणाऱ्या त्याच, तरी पहिले आकडे पुरुषांनी मांडले. बचत गटांच्या बैठकांपासून सुरुवात केली असती तर मे महिन्यात कोणत्या दिवशी नळ आला, कोणत्या दिवशी टँकर आला, याची नोंद आधीच्या वर्षापासून मिळाली असती. कित्येक घरांत ती दिनदर्शिकेवर लिहिलेली होती. कोणी विचारलंच नव्हतं.

विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे नागरिकांनी थेट अर्ज करण्याचा मार्ग वापरलाच नाही. सभागृहात प्रश्नाची पाळी येणं नशिबावर असतं, समितीसमोर मात्र विभागांना साक्ष द्यावी लागते. तो अर्ज आता तयार होतो आहे. शासनाने दिलेली आश्वासनं आश्वासन समितीच्या यादीत गेली की नाही, हे पाहण्याचं काम वकिलांनी अंगावर घेतलं आहे.

आणि ‘उपलब्ध झाल्यास’. लेखी उत्तर आलं तेव्हा त्या दोन शब्दांवर लगेच पत्र जायला हवं होतं: उपलब्ध कधी होणार, तोवर काय वापरणार. बैठकीच्या आनंदात ते मागे पडलं.

पहिल्या टप्प्याचं बांधकाम सुरू आहे. दुसरा टप्पा आला तर एकूण क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या वर जाईल. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी गटाने या वेळी मसुदा लवकर, आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या वीस आमदारांपैकी ज्यांच्या मतदारसंघात औद्योगिक क्षेत्र आहे त्या सर्वांना दिला आहे. तो असा:

(१) उक्त औद्योगिक क्षेत्रातील डेटा सेंटरसाठीचा पाणीपुरवठा व लगतच्या गावांची नळ योजना एकाच स्रोतावर अवलंबून आहेत, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याला प्राधान्य देण्यासाठी डेटा सेंटरचा पुरवठा कोणत्या पातळीला, कोणाच्या आदेशाने कमी करण्यात येणार आहे;

(३) प्रक्रिया केलेले सांडपाणी उपलब्ध करून देण्यासाठी कोणती मुदत निश्चित करण्यात आली आहे;

(४) दोन्ही टप्प्यांचे एकत्रित बांधकाम क्षेत्र विचारात घेऊन पर्यावरण मंजुरीची आवश्यकता तपासण्यात आली आहे काय;

(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?